घेर एकच, कंबर दोन

उन्हाळी स्कर्ट घेताना सगळं लक्ष घेराकडे जातं. दुकानात तो अंगाला लावून गर्रकन फिरून बघायचं, गोंडे ओढून बघायचे, रंग डोळ्यांत भरले की पैसे द्यायचे. प्रश्न घरी आल्यावर सुरू होतो: यावर घालायचं काय? बहुतेकींचं उत्तर पांढरा टी-शर्ट असतं. तीनदा तेच घालून झालं की स्कर्ट कपाटात मागे सरकतो आणि पुढच्या एप्रिलमध्ये नवा येतो.

वास्तविक स्कर्टचं सगळं राजकारण कमरेपाशी चालतं. वरचा कपडा कुठे संपतो आणि स्कर्ट कुठून दिसायला लागतो, ती रेघ दोन-तीन इंच वरखाली झाली तरी तोच स्कर्ट वेगळा वाटतो. घेर बिचारा होता तिथेच असतो. पण ही रेघ जिची तिला धड दिसत नाही. आरशासमोर आपण पोट आत घेऊन, मान ताठ करून उभ्या राहतो; रस्त्यावर तसं कोणी चालत नाही. पाठ बघायला वळावं तर कापडही आपल्याबरोबर वळतं. म्हणून हे काम मैत्रिणीला सोबत घेऊन करावं. दोघींची उंची आणि बांधा वेगळा असेल तर फारच छान. एकच स्कर्ट दोन अंगांवर चढवला की दोष कापडाचा आहे, शिवणाऱ्याचा आहे की आपल्या घालण्याच्या सवयीचा, हे दहा मिनिटांत उघडं पडतं.

बोलण्यापुरता एक ठरावीक स्कर्ट समोर ठेवू. सुती कॅम्ब्रिक, लांबी ३६ इंच, तीन झालरींचा, जयपूरपासून तीसेक किलोमीटरवरच्या बगरूच्या ठशांची छपाई. लाल फुलं, काळी बाह्यरेषा, निळीच्या पानांची वेल आणि मधूनमधून मोहरीएवढे पिवळे ठिपके. तो घालणाऱ्या दोघी: एक पाच फूट उंच, कंबर २८, दुसरी पाच फूट सहा इंच, कंबर ३३.

झालरींचं गणित आधी समजून घ्यावं, कारण पुढच्या निम्म्या तक्रारी तिथून निघतात. पहिली झालर ४४ इंच रुंद, दुसरी ६६, तिसरी ९९. खालची प्रत्येक झालर वरचीच्या दीडपट. नेफ्याला इलॅस्टिक आहे, चेन नाही, म्हणजे स्कर्ट नितंबांवरून चढला पाहिजे. ४० इंचांच्या नितंबांना पहिली झालर ४४ हवीच. ती ४० ठेवली तर उभं राहिल्यावर छान दिसतं आणि बसल्यावर शिवण कचकचते. काही शिंपी हौसेने दुप्पट घेर धरतात: ४४, ८८, १७६. ते लग्नातल्या घागऱ्याला शोभतं. मे महिन्यात तेवढं कापड पायांभोवती घेऊन फिरणं म्हणजे शिक्षा आहे. दीडपटीच्या हिशेबाने ४४ इंच पन्ह्यातून १३ इंचांच्या पाच पट्ट्या काढल्या की झालरी पुरतात, वर नेफ्याची पट्टी. दोन मीटर कापड लागतं. सव्वादोन घेतलं तर खिसेही निवांत निघतात. कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापायचं. सुती कापड पहिल्या पाण्यात शेकडा तीन ते पाच आटतं, म्हणजे न भिजवता शिवलेला ३६ इंची स्कर्ट एका धुण्यात इंच-दीड इंच वर जातो. तयार स्कर्ट घ्यायचा असेल तर हा दीड इंच मनात धरूनच लांबी बघायची.

नेफा दोघींसाठी चालायला हवा असेल तर एक साधी युक्ती आहे. इलॅस्टिक मोठ्या कमरेच्या मापाने टाकायचं आणि लहान कमरेसाठी नाडी ओवायची. ३३ च्या कमरेला ३० इंचांचं, सव्वा इंच रुंदीचं इलॅस्टिक घट्टही होत नाही, घसरतही नाही. तेच २८ च्या कमरेवर सैल पडतं, तिथे पुढच्या दोन काजांमधून बाहेर काढलेली नाडी आवळायची. उलटं केलं, म्हणजे इलॅस्टिक लहान मापाचं टाकलं, तर मोठ्या कमरेवर ते संध्याकाळपर्यंत वळ उठवतं. इलॅस्टिक नेफ्यात आडवं फिरून दोरखंड होतं ही सार्वत्रिक तक्रार. दोन्ही कुशींवर नेफ्यातून आरपार एकेक उभी शिवण मारली की थांबते. अर्थात नाडी ओवायची असेल तर तिची वाट वेगळी ठेवून, इलॅस्टिकपुरतीच शिवण घ्यायची. आणि नाडी पाठीच्या मध्याला दोन टाक्यांनी पक्की करून टाका. धुताना ती आत ओढली जाते, मग घाईच्या सकाळी सेफ्टी पिन घेऊन ओवत बसावं लागतं.

आता दोघींनी तो आळीपाळीने घालायचा. कमरेपासून जमिनीपर्यंतचं अंतर पाच फुटांच्या मुलीचं साधारण ३७-३८ इंच, पाच फूट सहाचं ४१-४२. म्हणजे ३६ इंचांचा स्कर्ट एकीला जमिनीपासून दीड इंचावर येतो, दुसरीला पाच-सहा इंचांवर. दोन्ही चालतं. चालत नाही ते पोटरीच्या सर्वांत भरलेल्या जागी कड येणं. पाय जिथे निमुळता होत जातो तिथे स्कर्ट संपला पाहिजे: गुडघ्याच्या लगेच खाली, नाहीतर घोट्याच्या जरा वर. उंच मैत्रिणीने नेफा कमरेवरून इंच-दीड इंच खाली घेतला की कड घोट्याकडे सरकते. ठेंगण्या मैत्रिणीने मात्र नेफा खऱ्या कमरेवरच, म्हणजे बेंबीच्या वर ठेवायचा. तो ओटीपोटावर आला की कड पायाखाली येते आणि धड लांब, पाय आखूड दिसतात. लांबी कमी करायला नेफा बाहेरून दुमडायची सवय पुष्कळींना असते. दीड इंचांचा नेफा दोनदा दुमडला की तीन इंच वाचतात, पण पोटावर सहा पदरी वळकटी येते आणि वरचा कपडा ती लपवत नाही, उलट दाखवतो. एकदाच दुमडा. त्याहून जास्त लांब असेल तर शिंप्याकडे द्या.

याच वेळी मैत्रिणीने पाठ बघून घ्यायची. नितंबांवरून जाताना कापड जास्त खर्ची पडतं, त्यामुळे कड मागून वर उचलली जाते, कधी कधी चांगली इंचभर. ‘अगं, मागून वर गेलाय,’ हे वाक्य मैत्रिणीकडूनच ऐकायला मिळतं. दुरुस्ती कशी करायची तेही दोघींचंच काम. जी चप्पल घालणार ती पायात घालून एकीने सपाट फरशीवर उभं राहायचं, हात सैल, नजर समोर. खाली वाकून बघायचं नाही. वाकलं की कंबर हलते आणि सगळ्या खुणा चुकतात. दुसरीने जमिनीवर बसून फूटपट्टी उभी धरायची आणि दर तीन-चार इंचांवर जमिनीपासून कडेपर्यंतचं अंतर वाचायचं. उभी असलेली फिरत नाही, बसलेली तिच्याभोवती सरकते. समजा पुढे दीड इंच आणि मागे अडीच आलं, तर हा एक इंचाचा फरक झालरीच्या स्कर्टमध्ये खालून कापायचा नसतो. खाली छपाईचा काठ असतो, तो वाकडा दिसेल. नेफा उसवून पुढच्या बाजूने इंचभर कापड वर घ्यायचं, कुशीपर्यंत येता येता तो इंच शून्यावर आणायचा.

छत्रीकाट स्कर्टची गोष्ट वेगळी. त्याचं कापड गोलाकार कापलेलं, काही जागी उभ्या धाग्यावर आणि काही जागी तिरक्यात असतं. तिरकं कापड स्वतःच्या वजनाने लोंबतं, उभं लोंबत नाही. म्हणून छत्रीकाट शिवून झाला की कड न दुमडता एक पूर्ण दिवस टांगून ठेवायचा, मग वरच्याच पद्धतीने खुणा करून खालून कापायचा. दुमड अगदी अरुंद, पाव ते अर्धा इंच. गोल कडेला रुंद दुमड घातली की बाहेरची लांब कड आतल्या आखूड रेघेवर बसवावी लागते आणि तिथे चुण्या पडतात. इस्त्रीने त्या जात नाहीत.

मग रंग. स्कर्ट खुर्चीवर पसरून त्याच्याजवळ टॉप धरून जुळवायची पद्धत फसवी आहे. हातभर अंतरावरून दिसणारी फुलं आणि वेली दहा फुटांवरून दिसत नाहीत, सगळं मिसळून एक रंग होतो. मैत्रिणीने खोलीच्या दुसऱ्या टोकाला, शक्य असेल तर गच्चीत किंवा जिन्यात, दहा फुटांवर उभं राहून तो एक रंग सांगायचा. आपल्या बगरू स्कर्टचा दुरून दिसणारा रंग विटकरी येतो. त्याच विटकरीचा टॉप घातला तर डोक्यापासून पायापर्यंत एक गणवेश तयार होतो. अशा छपाईत सर्वांत कमी वापरलेला रंग शोधावा: तो मोहरीएवढा पिवळा ठिपका. हळदी पिवळ्याची साधी बिनबाह्यांची कुडती घातली की छपाईतले ते ठिपके, जे एरवी कुणाला दिसले नसते, उठून येतात. निळीच्या पानांचा गडद निळाही चालतो. लाल टाळावा, छपाईतला लाल आणि बाजारातला लाल कधी जुळत नाहीत, दोघेही एकमेकांना मळकं ठरवतात.

पांढऱ्याचीही हीच अडचण. बगरूच्या छपाईची जमीन, म्हणजे फुलांमागचं मोकळं कापड, पांढरी नसतेच. छपाईच्या आधी छिपा कारागीर कापडाला हिरड्याच्या पाण्यातून काढतात. हिरड्यातलं टॅनिन रंगाला धरून ठेवतं आणि जाता जाता कापडाला पिवळसर झाक देऊन जातं. काळा रंग तर जुनं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून तयार होतो. हिरड्याशी गाठ पडली की तो काळा उमटतो. अशा सायीच्या रंगाच्या कापडाशेजारी निळसर चकाकीचा पांढराशुभ्र शर्ट आला की स्कर्ट न धुतलेला वाटतो. शर्ट ऑफ-व्हाइट घ्या. जयपूरजवळच्याच सांगानेरच्या छपाईला मात्र शुभ्र पांढरा बेलाशक घाला, तिची जमीन पांढरी असते आणि बारीक फुलं त्यावरच खुलतात.

शर्टाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण स्कर्टवरचा शर्ट ही या सगळ्यातली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत बिघडणारी गोष्ट. शर्ट पूर्ण खोचला तर त्याचे लांब खालचे भाग नेफ्याच्या चुण्यांखाली गोळा होतात आणि दोन्ही कुशींवर फुगवटा येतो. उपाय असा की शर्ट स्कर्टमध्ये न खोचता आतल्या शॉर्ट्समध्ये खोचायचा, खाली ओढून सपाट करायचा, मग त्यावर स्कर्टचा नेफा चढवायचा. आता दोन्ही हात एकदा सरळ डोक्यावर न्यायचे आणि खाली आणायचे. जेवढं कापड सैल सुटायला हवं तेवढं आपोआप बाहेर येतं, ओढाओढ करावी लागत नाही. दिवसभरात हात वर करून बसची दांडी धरली तरी शर्ट मग आणखी सुटत नाही.

गाठ मारायची असेल तर खालची दोन किंवा तीन बटणं सोडायची, टोकं एकमेकांवर एकदाच फिरवून गाठ घट्ट करायची आणि ती नेफ्याच्या वरच्या कडेवर बसवायची. ठेंगण्या मैत्रिणीला हीच रीत सर्वांत शोभते, कारण शर्ट कमरेवर संपतो आणि खाली पूर्ण ३६ इंच स्कर्ट दिसतो. जाड लिननची किंवा ऑक्सफर्डच्या कापडाची गाठ पोटावर उभी राहते. मलमल, व्हॉइल, जुना मऊ झालेला सुती शर्ट असं काही हवं. बाबांचा किंवा भावाचा जुना शर्ट यासाठी उत्तम, फक्त त्याच्या बाह्या कोपराच्या वर नेऊन दुमडायच्या. खांद्याची शिवण दंडावर उतरते ती तशीच राहू द्यावी. अर्धा खोचलेला शर्ट (पुढचे चार-पाच इंच आत, बाकी बाहेर) उंच मैत्रिणीवर छान दिसतो, ठेंगणीवर मागचं लोंबतं कापड पाय खाऊन टाकतं. दोघींनी एकामागून एक घालून बघितलं की हे पटवून द्यावं लागत नाही.

टी-शर्टाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अंगाबरोबरचा, बारीक उभ्या धारीच्या विणीचा, नेफ्याखाली इंच-दोन इंचच उतरणारा. लांब असेल तर पाठीमागे एका कुशीला गोळा करून केसांच्या रबराने बांधायचा आणि ते टोक आत दुमडायचं. छातीवर अक्षरं असलेला टी-शर्ट छापील स्कर्टवर घालू नये, लोक वाचतात.

कुडतीच्या लांबीत सर्वांत जास्त घोळ होतो. खांद्यापासून २६-२८ इंचांची नेहमीची शॉर्ट कुडती नितंबांच्या सर्वांत रुंद जागी संपते, आणि खाली चुण्यांचा स्कर्ट तिला बाहेर ढकलतो. मग कुडतीची कड अंगापासून चार बोटं दूर उभी राहते. जीन्सवर जी कुडती मस्त दिसते तीच स्कर्टवर बेंगरूळ दिसते ती यामुळे. एकतर १९ ते २१ इंचांची, कमरेच्या जरा खाली संपणारी कुडती घ्यावी, नाहीतर सरळ ४० इंचांचा लांब कुर्ता. खांद्यापासून कंबर १५ इंच धरली तर आपला स्कर्ट ५१ व्या इंचाला संपतो. ४० चा कुर्ता घातला की खालची झालर जवळजवळ पूर्ण बाहेर राहते आणि कुर्त्याला वेगळा काठ लावल्यासारखी दिसते. अट एकच: कुर्त्याचे कट नेफ्यापासून सुटले पाहिजेत, किंवा कुर्ता पुढून उघडा हवा. दुकानातल्या कुर्त्यांचे कट साधारण नितंबांपाशी सुरू होतात. तिथपर्यंतचा भाग चुण्यांवर ताणला जातो आणि बसताना कुर्ता वर चढतो. कुशीची शिवण चार-पाच इंच उसवली की काम होतं, उसवलेल्या कडा आत दुमडून हातशिलाई घालावी.

हळदीला, डोहाळजेवणाला किंवा पाडव्याच्या सकाळी हाच स्कर्ट परकर म्हणून चालवता येतो. वर खणाचं पोलकं. पण साडीवरचा खणाचा ब्लाउज काढून तोच स्कर्टवर घातला तर फसतं. साडीचा ब्लाउज १३-१४ इंचांचा असतो, त्याखालचं पोट पदर झाकतो. स्कर्टला पदर नाही. म्हणून पोलकं १७-१८ इंचांचं, नेफ्याला टेकणारं शिवावं. परकर-पोलक्यातलं पोलकं कमरेपर्यंत यायचं ते उगाच नाही. खण आणि छपाई दोन्हीला स्वतःची नक्षी आहे, तरी जुळतात, कारण खणाची बुट्टी अगदी बारीक आणि ठशाचं फूल मोठं. दोन्हीकडे एक रंग समान ठेवला की पुरे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण घ्या, पण धागा विचारून घ्या. हल्ली बराचसा खण पॉलिएस्टरचा किंवा कृत्रिम रेशमाचा येतो आणि मे महिन्यात काखेत घामाची कड उमटते. आतून मलमलचं अस्तर आणि काखेत चौकोनी ठिगळ घातलं तर बाही कसत नाही. पायात कोल्हापुरी. नव्या कोल्हापुरीचा रंग पायाला लागतो आणि पायावरून फिकट स्कर्टच्या कडेला; ती आधी आठवडाभर घरात घालून घ्यावी.

गुंडाळायचा स्कर्ट हा याचा चुलतभाऊ, दोन मैत्रिणींत वाटून घ्यायला तो आणखी सोयीचा. गोव्यातल्या हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात किंवा पुष्करला जुन्या साड्यांचे दोन पदरी, दोन्ही बाजूंनी घालता येणारे स्कर्ट मिळतात. घेताना बघायची गोष्ट म्हणजे एकमेकांवर येणारा भाग. कमरेच्या किमान दीडपट रुंदी हवी, म्हणजे पुढे चांगला पदर चढतो. कमी असेल तर वारा सुटला की दोन्ही हात स्कर्टलाच लागतात. दुकानदार ‘प्युअर सिल्क’ म्हणेल. शिवणीतला एक धागा ओढून घरी जाळून बघा. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, रेशीम केस जळल्यासारखं वासतं आणि राख चुरडली जाते. हा स्कर्ट छातीवर बांधून, बंद मानेमागे नेऊन समुद्रकिनाऱ्यावर झगा म्हणून चालतो. ३६ इंच लांबी मग गुडघ्याच्या खाली येते. शहरात मात्र असं बांधून फिरायला गाठीवर जेवढा विश्वास लागतो तेवढा माझा नाही.

उन्हाळा सगळीकडे सारखा नसतो आणि स्कर्टखाली काय घालायचं ते त्यावर ठरतं. नागपूर-अकोल्याचं ४५ अंशांचं ऊन कोरडं, घाम तिथल्या तिथे उडतो. पूर्ण लांबीचं मलमलचं अस्तर तिथे त्रास देत नाही, उलट पायांना झळ लागत नाही. मुंबई, रत्नागिरी, पणजीला तापमान ३३-३४ चं, पण हवा ओली. तेच अस्तर पोटऱ्यांना चिकटतं आणि पावलागणिक स्कर्ट वर ओढतं. तिथे अस्तर गुडघ्यापर्यंतच ठेवावं, किंवा नुसती सुती सायकलिंग शॉर्ट्स. मांड्या घासून लाल होतात त्यावरही तीच. अस्तराचा रंग पांढरा नको, कातडीच्या जवळचा फिकट तपकिरी हवा. फिकट कापडाखाली पांढऱ्याची कड लांबून चमकते, तपकिरी दिसत नाही. खात्री करायची तर एकीने सूर्याकडे पाठ करून, पाय फूटभर फाकवून उभं राहायचं आणि दुसरीने समोरून बघायचं. घरातल्या ट्यूबलाइटमध्ये ही परीक्षा होत नाही.

भाताच्या पातळ, गाळलेल्या पेजेचं खळ दिलं की कोरड्या हवेत घेर अंगापासून सुटा राहतो: अर्ध्या बादली पाण्याला वाटीभर पेज. किनारपट्टीवर खळ दुपारपर्यंत मऊ पडतं आणि आंबूस वास येतो, तिथे त्याच्या नादी लागू नये.

खिसा हवाच, पण कुशीच्या शिवणीत नुसता लटकवलेला नको. दोनशे ग्रॅमचा फोन टाकला की स्कर्ट त्या बाजूने खाली येतो आणि मगाशी फूटपट्टीने साधलेली कड वाकडी होते. खिशाची वरची कड नेफ्यात शिवून घेतली की वजन कंबर पेलते.

आणि स्कूटर. ९९ इंचांची झालर आणि दुचाकीचं मागचं चाक यांचं वैर आहे. साडीगार्ड डाव्या बाजूला असतं. उजवीकडे सायलेन्सर, त्यावर सुती कड टेकली तर तपकिरी डाग पडतो, सिंथेटिक असेल तर वितळून भोक. मागे बसणारीने घेर दोन्ही बाजूंनी गोळा करून पुढे घ्यायचा आणि मांड्यांखाली दाबून बसायचं. बसल्यावर चालवणारीने एकदा वळून दोन्ही बाजू बघायच्या आणि मगच गाडी सोडायची. गुंडाळायचा स्कर्ट असेल तर रिक्षाने जावं.

धुण्याआधी एक चाचणी. पांढरा रुमाल ओला करून स्कर्टच्या आतल्या बाजूला दहा वेळा घासायचा. रुमाल निळा किंवा लाल झाला तर ऑफ-व्हाइट शर्ट त्यात खोचायची घाई नको. नीळ धाग्याच्या आत फारशी शिरत नाही, वरवर बसते, म्हणून ती धुतल्यावरही घासून लागते. घामाने ओला शर्ट नेफ्यापाशी निळा होतो आणि तो डाग हट्टी असतो. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, पण जादा राहिलेला रंग मिठाने बसत नाही, तो धुऊनच काढावा लागतो. पहिली तीन धुणी वेगळी, थंड पाण्यात, रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या पाण्यात. उलटा करून सावलीत वाळवायचा, नेफ्याला चिमटे लावून टांगायचा नाही. ओल्या घेराचं वजन इलॅस्टिक सैल करतं. दोरीवर मधोमध आडवा टाकावा.

दोघींनी वापरलेला स्कर्ट लवकर झिजतो तो खालच्या कडेला, त्यातही ठेंगण्या मैत्रिणीच्या टाचेमागे. तिथे आतून साडीचा सुती फॉल उभा अर्धा कापून लावावा. ९९ इंच म्हणजे अडीच मीटर. फॉल तेवढा भरतो का ते घेतानाच मोजून बघावं. एक कड आत दुमडून मशीनने, दुसरी हातशिलाईने. फॉल आधी भिजवून, इस्त्री करूनच लावायचा. नाहीतर तो पहिल्याच धुण्यात आटतो, स्कर्ट आटत नाही, आणि सगळी कड आत ओढली जाऊन गोळा होते.